सोळा आण्यांचे गणित

कला शाखेच्या वार्षिकात गणितावरचा लेख दिसला की काही वाचक पान उलटून थेट कवितांच्या विभागाकडे जातील, हे मी धरूनच चालले आहे. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेतली शेवटची परीक्षा संपली त्या दिवशी गणिताला जो रामराम ठोकला तो कायमचा. "कला शाखा का घेतली?" या प्रश्नाला "साहित्याची आवड" हे उत्तर आपण सभेत देतो, "गणित नको म्हणून" हे उत्तर कँटीनमध्ये देतो.

परंतु आपण गणिताला सोडले तरी गणिताने आपल्याला सोडलेले नाही. ते बाजारात आहे, शेताच्या बांधावर आहे, स्पर्धापरीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आहे आणि माजघरात चालणाऱ्या कुजबुजीतही आहे. त्यातही दोन गोष्टी आपल्याला वारंवार भेटतात. एक अपूर्णांक आणि दुसरी शक्यता, म्हणजे पुस्तकी भाषेत संभाव्यता. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. शक्यता हा एक अपूर्णांकच असतो आणि कोणताही अपूर्णांक समोर आला की त्याला एकच प्रश्न विचारायचा असतो : "कशाचा?" एवढे जरी या लेखातून वाचकांच्या मनावर ठसले तरी लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.

भाषेतले अपूर्णांक

आपली मराठी अपूर्णांकांच्या बाबतीत मोठी श्रीमंत आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे शब्द लहान मूलही सहज वापरते. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. 'औट घटकेचे राज्य' असे आपण म्हणतो ते याच औटाचे. माझ्या आजोबांना हे पाढे अजून येतात. सात किलोचा दीडपट भाव सांगा म्हटले की दुकानदाराचे यंत्र उघडायच्या आत त्यांचे "साडेदहा" येते.

आता एक मौज पाहा. पावणेदोनशे म्हणजे १७५ आणि पावणेदोन हजार म्हणजे १७५०. दोन्हींत 'पाव'च कमी केला आहे. पण पहिल्या ठिकाणी तो पाव २५ आहे आणि दुसऱ्या ठिकाणी २५०. असे का? कारण पहिला पाव शंभराचा आहे, दुसरा हजाराचा. पाव ही काही स्वतंत्र वस्तू नव्हे. तो कुणाचा तरी असावा लागतो. अपूर्णांकाच्या वरच्या आकड्याला अंश म्हणतात आणि खालच्या आकड्याला छेद. छेद सांगतो की पूर्ण वस्तूचे किती सारखे भाग केले, आणि अंश सांगतो की त्यांतले किती घेतले. ती 'पूर्ण वस्तू' कोणती, हे मात्र आकड्यांत कुठेच लिहिलेले नसते. ते आपण विचारायचे असते.

शेतकऱ्याच्या घरातील विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगायला नको. पिकाची आणेवारी, जिला आता पैसेवारी म्हणतात, ती अपूर्णांकच आहे. अपेक्षित पिकाच्या मानाने प्रत्यक्षात किती आले, हे ती सांगते. पन्नास पैशांच्या खाली आली की गावाचा दुष्काळाच्या सवलतींशी संबंध येतो. पोती तीच असतात. पण ती कोणत्या उत्पन्नाच्या मानाने मोजली यावर आकडा वर जातो किंवा खाली येतो. (जाता जाता : 'सात-बारा' दिसायला अपूर्णांक असला तरी तो अपूर्णांक नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांची ती जोडी आहे.)

रुपया मोडून पाहू

१ एप्रिल १९५७ पासून आपल्या देशात दशमान नाणी सुरू झाली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. आणे व्यवहारातून गेले. पण 'सोळा आणे खरे' हा वाक्प्रचार राहिला. सोळा आणे म्हणजे पूर्ण. अपूर्णांक समजावून घ्यायला हा जुना रुपया फार सोयीचा आहे.

१/२ आणि १/४ यांची बेरीज किती? अर्धा रुपया म्हणजे आठ आणे, पाव रुपया म्हणजे चार आणे, मिळून बारा आणे, म्हणजे पाऊण. इथे कुणी चुकत नाही. आता १/२ आणि १/३ घ्या. येथे पुष्कळ जण वरचे आकडे वर मिळवतात, खालचे खाली मिळवतात आणि २/५ असे उत्तर देतात. क्षणभर थांबून पाहिले तर हे उत्तर हास्यास्पद आहे, कारण २/५ हे अर्ध्याहून कमी आहे. अर्ध्यात भर घातली आणि ते घटले, असे कसे होईल?

मग करावे काय? रुपयाच्या तिसऱ्या हिश्शाचे पूर्ण आणे होत नाहीत, कारण सोळाला तिनाने भाग जात नाही. म्हणून आणखी लहान नाणे काढायचे. पै घेतली की अर्ध्या रुपयाच्या ९६ आणि तिसऱ्या हिश्शाच्या ६४. बेरीज १६०. म्हणजे १९२ पैकी १६०, संक्षेप करून ५/६. शाळेत 'लसावि काढा, छेद समान करा' म्हणून जे घोकून घेतात त्याचे मर्म एवढेच आहे : दोन्ही रकमा मोडता येतील असे एक नाणे शोधा. १/२ आणि १/३ यांच्यासाठी सहाव्या हिश्शाचे नाणे पुरते : तीन आणि दोन मिळून पाच. नाणे एक झाले की बेरीज करायला बालवर्गाचे ज्ञान पुरे.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) भुंग्यांचे एक सुंदर उदाहरण आहे. त्याचा आशय असा : भुंग्यांच्या थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर गेला, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर गेले आणि एकच भुंगा हवेत घोटाळत राहिला, तर थवा केवढा? पंधराव्या हिश्शाचे नाणे घ्या. पाचवा हिस्सा म्हणजे तीन, तिसरा हिस्सा म्हणजे पाच, फरक दोन आणि त्याची तिप्पट सहा. तीन, पाच आणि सहा मिळून चौदा झाले. पंधरांतला उरला एक, आणि तो एक म्हणजेच तो घोटाळणारा भुंगा. थवा पंधराचा. न क्ष, न समीकरण.

चार चिंचोके

आता शक्यतेकडे वळू. त्यासाठी प्रयोगशाळा नको, चार चिंचोके पुरेत. चिंचोका फोडला की त्याच्या दोन डाळी होतात. आतली बाजू पांढरी, बाहेरची काळसर. आमच्याकडे सुट्टीत मुली असे चार अर्धे चिंचोके टाकून पटावर सोंगट्या चालवतात. जितके पांढरे पडतील तितकी घरे. चारही काळे पडले तर मात्र आठ.

किती पांढरे पडतील? शून्य, एक, दोन, तीन किंवा चार. शक्यता पाच, म्हणून प्रत्येकीला पाचवा हिस्सा, असे म्हणायचा मोह होतो. पण खेळणाऱ्या कोणत्याही मुलीला विचारा. दोन वारंवार पडतात, आठासाठी मात्र जीव मेटाकुटीला येतो. कारण काय? चिंचोक्यांना अ, ब, क, ड अशी नावे देऊ. प्रत्येक जण दोन तऱ्हांनी पडू शकतो, म्हणून चौघांच्या मिळून २ × २ × २ × २ = १६ तऱ्हा होतात. चारही पांढरे पडण्याची तऱ्हा एकच. एकच पांढरा पडण्याच्या तऱ्हा चार. दोन पांढरे पडण्याच्या तऱ्हा सहा : अब, अक, अड, बक, बड, कड. तीन पांढऱ्यांच्या पुन्हा चार आणि एकही पांढरा नसण्याची एक. एक, चार, सहा, चार, एक. बेरीज सोळा. शक्यतेचा पूर्ण रुपया झाला! आठ पडण्याला त्यातला एक आणा आला आणि दोन पडण्याला सहा आणे. प्रश्न 'किती निकाल' असा नसून 'किती सारख्या तऱ्हांपैकी किती' असा आहे. त्या सारख्या तऱ्हा म्हणजे छेद.

इथे एक प्रामाणिक अट सांगितली पाहिजे. चिंचोक्याची एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असते. त्यामुळे दोन्ही बाजू अगदी सारख्याच वेळा पडतील याची खात्री नाही. मग काय करावे? फेकून पाहावे. एकशेसाठ वेळा टाकून नोंद ठेवली आणि सुमारे १०, ४०, ६०, ४०, १० असे आकडे आले तर आपले गृहीत ठीक. फार वेगळे आले तर चिंचोका पक्षपाती आहे असे समजावे. शक्यता कधी विचाराने मोजतात, कधी अनुभवाने. छेद दोन्हीकडे लागतोच.

मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गंमत. अपूर्णांकांच्या व्यवहारात षष्ठी म्हणजे गुणाकार. चारही पांढरे पडण्याची शक्यता म्हणजे अर्ध्याचे अर्धे, त्याचे अर्धे आणि त्याचेही अर्धे : १/१६. शक्यतेत 'आणि' आला की बहुधा गुणाकार आणि 'किंवा' आला की बहुधा बेरीज. दोन किंवा तीन पांढरे पडण्याला सहा आणि चार मिळून दहा आणे. 'बहुधा' म्हटले त्याला कारण आहे. पत्त्यांच्या ५२ पानांतून ओढलेले पान एक्का किंवा बदाम असण्याला चार आणि तेरा मिळून १७ पाने धराल तर बदामाचा एक्का दोनदा मोजला जाईल. खरी पाने १६. तसेच लागोपाठ दोन एक्के येण्याची शक्यता ४/५२ × ४/५२ नव्हे, ती ४/५२ × ३/५१, म्हणजे १/२२१. पहिला एक्का हातात आला की गड्डीत ५१ पाने आणि तीनच एक्के उरतात. काही घडून गेले की छेद बदलतो. हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे कामाला येणार आहे.

मोडलेला डाव

शक्यतेचे शास्त्र जन्मले ते जुगाऱ्याच्या एका प्रश्नातून. १६५४ साली फ्रान्समध्ये पास्कल आणि फर्मा या दोन गणितज्ञांत या प्रश्नावर पत्रव्यवहार झाला. दोन खेळाडूंनी प्रत्येकी ३२ मोहरा लावल्या. जो आधी तीन डाव जिंकेल त्याने सगळ्या ६४ घ्यायच्या. पहिल्याचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक झाला आणि खेळ मोडावा लागला. मोहरा कशा वाटायच्या?

दोन-एक या प्रमाणात वाटा, असे कुणीही म्हणेल. पण ते झालेल्या डावांचे प्रमाण झाले. वाटायची आहे ती पुढची आशा. खेळ चालू राहिला असता तर फार तर दोन डाव लागले असते. त्यांच्या चार तऱ्हा : पहिला-पहिला, पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, दुसरा-दुसरा. दोन्ही खेळाडू तोलाचे असतील तर चारही तऱ्हा सारख्या. दुसरा जिंकतो तो फक्त शेवटच्या तऱ्हेत. म्हणून पहिल्याला बारा आणे, दुसऱ्याला चार आणे. म्हणजे ४८ मोहरा आणि १६ मोहरा. पास्कलचे उत्तर हेच होते. मागचे डाव पुसून टाकायचे आणि इथून पुढे काय काय होऊ शकते ते मोजायचे, ही दृष्टी यातून मिळाली.

तीन मुलींवर मुलगा

आता माजघरातल्या कुजबुजीविषयी. मी माझ्या आईची चौथी मुलगी. माझ्या वेळी आमच्या घरी येणारी जाणारी प्रत्येक बाई सांगत असे की, तीन झाल्या, आता मुलगा हमखास. कुणी शपथेवर सांगे, कुणी चुलत जावेचा दाखला देई. मी जन्मले तेव्हा आईला जे ऐकावे लागले ते तिने मला एकदाच सांगितले आहे आणि ते येथे लिहिण्याचे कारण नाही. येथे फक्त त्या 'हमखास'चा हिशेब करावयाचा आहे.

चार अपत्यांच्या मुलगा-मुलगी अशा तऱ्हा किती? चार चिंचोक्यांइतक्याच, सोळा. चारही मुली ही त्यांतली एक. म्हणजे एक आणा. हा एक आणा पाहून लोक समजतात की उरलेले पंधरा आणे मुलाच्या पारड्यात पडले. पण ते पंधरा आणे कोणते? त्यांतल्या चौदा तऱ्हांत पहिल्या तीनपैकी कुठेतरी मुलगा आहे. तिन्ही मुली जन्मून घरात खेळत आहेत, तेव्हा त्या चौदा तऱ्हा बाद झाल्या. उरल्या दोनच : तीन मुली आणि मुलगी, तीन मुली आणि मुलगा. दोन्हींचा एकेकच आणा. आता आपला पूर्ण रुपया या दोन आण्यांचा आहे आणि त्यातला मुलाचा वाटा निम्मा. पहिल्या वेळी होता तेवढाच. घडून गेले की छेद बदलतो, तो असा.

मूल मुलगा की मुलगी हे पित्याकडून एक्स गुणसूत्र आले की वाय यावर ठरते. आधीच्या बाळंतपणांची नोंद गर्भाशय ठेवत नाही. मग आईला दोष देणारे लोक कशाच्या आधारावर देतात?

'निम्मा' हे थोडे ढोबळ झाले. निसर्गात मुलगे किंचित अधिक जन्मतात : १०० मुलींमागे सुमारे १०५. १७१० साली जॉन अर्बथनॉट या स्कॉटिश वैद्याने लंडनच्या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्यांच्या नोंदी मांडून दाखवले की एकूण एक वर्षी मुलगेच जास्त होते. मुलगे-मुलींचा कौल समसमान असता तर लागोपाठ ८२ वर्षे असे घडणे म्हणजे ८२ नाणी फेकून सगळे छापे पडणे. हा योगायोग नव्हे, असे त्याने अनुमान काढले. हे प्रमाण हिशेबात धरले तर हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली दिसायला हव्यात.

महाराष्ट्रात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८९४. लिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली कायदा करणारे आपले राज्य देशात पहिले. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही आकडा घसरला. चिंचोका लाखो वेळा पडूनही ठरलेला हिस्सा येत नसेल, तर तो कुणीतरी हाताने उलटवीत आहे असाच अर्थ होतो. कधी जन्मापूर्वी, कधी जन्मानंतरच्या हेळसांडीने. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात 'नकुशा' या अर्थाची नावे लागलेल्या २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. जन्माला येताच 'नको' हे नाव मिळालेल्या त्या मुलींमागे कितीतरी 'हमखास' बोलले गेले असतील.

अंदाजाचे उत्तर

शेवटी आपल्या रोजच्या चिंतेचा एक हिशेब. आपल्यापैकी अनेक जण स्पर्धापरीक्षांची तयारी करतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चार पर्याय असतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक-तृतीयांश भाग कापला जातो. मग अंदाजाने खूण करावी की नाही? वाचनालयात यावर मोठे वाद होतात.

सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पत्रिकेत एका प्रश्नाला दोन गुण असतात. ज्यांतले काहीच ठाऊक नाही असे चार प्रश्न घ्या आणि डोळे मिटून खुणा करा. सरासरीने एक बरोबर येईल, म्हणजे अधिक २. तीन चुकतील, प्रत्येकी दोनतृतीयांश, म्हणजे उणे २. हाती शून्य. नियम करणाऱ्याने हिशेब करूनच तो एक-तृतीयांश ठरवला असावा असे वाटते. पण एक पर्याय नक्की चूक आहे हे कळत असेल तर? मग असे तीन प्रश्न घ्या. एक बरोबर, अधिक २. दोन चूक, उणे १ १/३. हाती २/३ गुण. दोन पर्याय बाद करता येत असतील तर दोन प्रश्नांत अधिक २ आणि उणे २/३, हाती १ १/३. म्हणजे धीटपणा किंवा भित्रेपणा यांचा येथे संबंध नाही. किती पर्याय ज्ञानाने बाद केले, यावर सारे अवलंबून आहे. ज्ञान छेद लहान करते. नशीब करीत नाही. अर्थात हा सरासरीचा हिशेब आहे. एखाद्या पेपरात तो उलटाही पडेल आणि ज्या परीक्षेचा नियम वेगळा तिचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.

तात्पर्य, अपूर्णांकाला घाबरण्याचे कारण नाही. त्याची विचारपूस करावी. 'निम्मे लोक म्हणतात' असे वाचले की, कोणत्या लोकांपैकी निम्मे, हे विचारावे. 'दुप्पट धोका' म्हटले की, किती होता त्याच्या दुप्पट, हे विचारावे. आणि कुणा बाईला घेरून चार जणी 'आता हमखास' असे सांगत असतील, तर तिच्याजवळ बसून दोन आण्यांचा तो हिशेब तिला समजावून सांगावा. कला शाखेच्या विद्यार्थ्याला एवढे गणित खचित येते.